फौजेचा जुना ट्रक : मूळचा किती, बदललेला किती?



या मालिकेत आपण लढायांबद्दल पुष्कळ बोललो. आज ज्या गाडीवाचून एकही लढाई होत नाही, तिच्याबद्दल बोलू. दारूगोळा, पीठ, पाणी, जखमी माणूस, सगळं वाहून नेणारी, आणि वय झालं की लिलावात जाणारी फौजेची गाडी. तीन टनी ट्रक, वन टन, जोंगा, जीप, सगळं तिच्यात आलं.

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. कोणीतरी लिलावातून फौजेची जुनी गाडी घेतलेली असते, किंवा आजोबांच्या काळची एखादी शेडमध्ये उभी असते, आणि तो विचारतो, "सर, ही ओरिजिनल आहे का, कसं ओळखायचं?" प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. आपल्या देशात फौजेची गाडी मूळ रूपात फार थोडा काळ राहते. आधी फौज ती बदलते, मग कायदा बदलायला लावतो, मग मिस्त्री बदलतो. त्यामुळे तिच्यात मूळचं किती उरलंय याच्या जोडीला काय बदललं, कोणी बदललं आणि का बदललं, हेही विचारायला हवं. आज ते विचारण्याची घाई आहे. का, ते शेवटी सांगतो.

महायुद्धानं मागे ठेवलेल्या गाड्या

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करू. त्या युद्धात एकट्या कॅनडानं आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली. त्यांत चपट्या नाकाचे चौकोनी ट्रक मोठ्या संख्येनं होते. फोर्ड आणि शेवरोले या दोन एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ते ब्रिटिश फौजेच्या एकाच नमुन्यावर बनवले. फोर्डच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, शेवरोलेच्या गाडीत सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं. बाहेरून मात्र दोघी सख्ख्या बहिणी. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याकडे चालवायला सोयीचं. त्यांच्याबरोबर अमेरिकेची जीप, डॉज आणि जीएमसीचे ट्रकही हिंदुस्थानात आले.

या गाड्यांमध्ये बदल युद्ध चालू असतानाच सुरू झाले. कॅनडातून आलेल्या फोर्डच्या चासीवर इथेच चिलखती सांगाडा चढवून चाकांवरची चिलखती गाडी बनवली गेली. तिचे पोलादी पत्रे टाटांचे होते, म्हणून फौजेत तिला 'टाटानगर'च म्हणत. म्हणजे चासी कॅनडाची, चिलखत जमशेदपूरचं आणि लढाई आफ्रिकेच्या वाळवंटात. आता या गाडीत ओरिजिनल काय, ते तुम्हीच ठरवा.

एवढ्या गाड्या आल्या म्हणजे त्या दुरुस्त करणारे हातही हवेत. तोवर दुरुस्तीचं काम निरनिराळ्या खात्यांत विखुरलेलं होतं. रणगाडा एकाकडे, ट्रक दुसऱ्याकडे, वायरलेस सेट तिसऱ्याकडे. वाळवंटातल्या लढाईनं दाखवून दिलं की बंद पडलेली गाडी रात्रीत दुरुस्त होऊन सकाळी परत आली, तर ती नव्या गाडीइतकीच मोलाची असते. ब्रिटननं १९४२ मध्ये दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभं केलं. हिंदुस्थानात ते १९४३ मध्ये झालं. आजची ईएमई, म्हणजे कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, ती हीच. खेड्यापाड्यातल्या हजारो तरुणांनी इथे पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात धरला. युद्ध संपल्यावर ते घरी परतले तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. ट्रक विकले गेले ते सगळ्यांना दिसलं. ट्रक जाणणारी माणसंही त्याच सुमारास बाजारात आली, इकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

१९४६ मध्ये अमेरिकेशी हिशेब मिटला आणि इथे पडून राहिलेला बराच अमेरिकी माल हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात आला. सरकारनं तो डिस्पोझल खात्यामार्फत विकायला काढला. बंगालात दुर्गापूरजवळच्या पानागढला आजही फौजी गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. त्याची मुळं त्याच काळात आहेत.

तेव्हा नवी गाडी मिळणं फार अवघड होतं. युद्धकाळात तर पेट्रोलची एवढी टंचाई होती की बसच्या मागे भट्टी जोडून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या जात. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढचं कोणी असेल तर 'कोळशाची मोटार' विचारून पाहा. वाटेत थांबून भट्टी ढोसायची, चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. अशा काळात चारही चाकांना जोर असलेला फौजी ट्रक स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर कोण सोडणार? कोणी त्याच्या चासीवर लाकडी बॉडी बांधून प्रवासी नेले, कोणी जंगलातून सागाचे ओंडके ओढले, कोणी मागे क्रेन बसवली.

आपल्या एसटीचंही त्या काळातलं चित्र पाहा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, ती बेडफर्डची. पण सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर असे कितीतरी मेक होते. एवढ्या जातींच्या गाड्या म्हणजे तेवढ्या जातींचे बेअरिंग, तेवढ्या मापांचे बोल्ट. डेपोतल्या मिस्त्रीला एका गाडीचा भाग दुसरीला बसवण्याची विद्या शिकावीच लागली. हौस म्हणून कोणी ती शिकलं नाही, अडचणीनंच शिकवली.

कानपूरचं भंगार, बंगळुरूची विमानं

मी राहतो बंगळुरूत. या शहराचा विषयाशी संबंध काय, असं काहींना वाटेल. पण युद्धातल्या टाकाऊ मालातून उपयोगाची वस्तू उभी करण्याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. ते ट्रकचं नाही, विमानाचं आहे. रीत मात्र तीच, म्हणून ते सांगून पुढे जातो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीनं बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजची एचएएल. त्याआधी वालचंद आणि सर विश्वेश्वरय्या यांनी या राज्यात मोटारींचा कारखाना काढायची खटपट केली होती. ब्रिटिश सरकारनं ती पुढे जाऊ दिली नाही. युद्धात विमान दुरुस्तीची निकड पडली तेव्हा विमानाचा कारखाना मात्र चालला, आणि अमेरिकी विमानांची दुरुस्ती इथेच होऊ लागली. मोटारीसाठी वालचंदांनी पुढे १९४४ मध्ये मुंबईत प्रीमिअर कंपनी काढली.

युद्ध संपल्यावर कानपूरच्या विमानतळावर चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं मोठ्या संख्येनं पडून होती. ती ब्रिटिश हवाई दलाकडे अमेरिकेकडून उसनवारीच्या करारानं आलेली. काम झाल्यावर ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाणूनबुजून मोडून ठेवलेली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला लांब पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान हवं होतं आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. एचएएलची माणसं कानपूरला गेली. एका विमानाचं शेपूट, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याची उपकरणं असं करत त्यांनी एकेक विमान बंगळुरूपर्यंत उडेल एवढं सावरलं. ती विमानं बंगळुरूला उडवत आणण्याचं जोखमीचं काम वैमानिक जिमी मुन्शी यांनी केलं. इथे त्यांची पुरती उघडझाक होऊन सुमारे चाळीस लिबरेटर हवाई दलाला मिळाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरची स्क्वाड्रन त्यांवर उभी राहिली, आणि शेवटचं लिबरेटर १९६८ च्या अखेरीस सेवेतून गेलं. भंगार ठरलेल्या विमानांनी वीस वर्षं काढली.

त्याच काळात एचएएलकडे विमानाचं काम कमी झालं, तेव्हा या कारखान्यानं बसच्या बॉड्या आणि रेल्वेचे डबे बनवले. डब्यांच्या या विभागातूनच पुढे १९६४ मध्ये बीईएमएल ही कंपनी झाली. आणि बीईएमएलनंच १९८० च्या दशकापासून फौजेसाठी टाट्रा ट्रक जोडले. आज पिनाक अग्निबाणांचा लाँचर ज्या ट्रकवर बसतो तो हाच. पत्रा वाकवणं, सांधा जोडणं, माप धरणं या हातांच्या विद्येनं विमानापासून बसपर्यंत आणि बसपासून फौजी ट्रकपर्यंत असा या एका शहरात प्रवास केला.

शक्तिमान आणि जोंगा

स्वातंत्र्यानंतर पहिली दहा-बारा वर्षं आपली फौज महायुद्धातल्याच गाड्यांवर चालत होती. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या एमएएन कंपनीशी करार झाला, आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागला. संरक्षण कारखाने कॉफीचे पर्कोलेटर बनवतात म्हणून मेननांची त्या काळी बरीच चेष्टा झाली. पण त्याच कारखान्यांनी फौजेला चारही चाकांवर जोर असलेला, डिझेलवर चालणारा स्वतःचा ट्रक दिला, हेही लक्षात ठेवायला हवं. पाठोपाठ जपानच्या निसानच्या परवान्यावर वन टन आणि जोंगा आली. जोंगा हे नाव जपानी नाही हो. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यातली आद्याक्षरं जोडून ते झालं आहे. १९६९ मध्ये गाड्यांसाठी जबलपूरला स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमानचं उत्पादन १९९६ पर्यंत चाललं, जोंगाचं शतकाच्या अखेरीपर्यंत. आमच्या पिढीचे अधिकारी या दोन गाड्यांच्या आवाजावर झोपले आणि उठले, असं म्हटलं तरी चालेल.

फौजेनं या गाड्यांना किती रूपं दिली! त्याच चासीवर पाण्याची टाकी, वायरलेसची खोली, चालतं वर्कशॉप. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवली. १९६५ मध्ये खेमकरणजवळ हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे उडवले ते अशाच जीपवरून. ज्या जीपबद्दल आपण एवढ्या अभिमानानं बोलतो, तीही बदललेली गाडीच.

फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड

आता देखभालीबद्दल. फौजेची गाडी टिकते ती जाड पत्र्यामुळे, असा एक समज आहे. पत्रा जाड असतोच. पण तिचं आयुष्य वाढतं ते दिवसातल्या तीन परेडमुळे, आणि या परेड माणसांच्या नाहीत, गाडीच्या असतात.

सकाळी फर्स्ट परेड. ड्रायव्हर आधी गाडीखाली जमिनीवर बघतो. रात्रीत तेलाचा, पाण्याचा थेंब कुठे पडलाय? मग इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी, बॅटरी, फॅन बेल्ट, टायर. हे सगळं इंजिन सुरू करण्याआधी. वाटेत कॉन्व्हॉय थांबला की हॉल्ट परेड. ड्रायव्हर चहाकडे जाण्याआधी गाडीभोवती फिरतो आणि प्रत्येक चाकाच्या हबला हात लावतो. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंगला ग्रीस नाही. कोणतंही यंत्र न लावता कळणारं हे निदान आहे. संध्याकाळी लास्ट परेड. गाडी धुवायची, टाकी भरायची, कार डायरीत किलोमीटर लिहायचे. टाकी रात्रीच का भरायची? एक तर हुकूम आला की लगेच निघता यावं. दुसरं म्हणजे टाकी अर्धी राहिली तर आतल्या हवेतली वाफ थंडीत गोठून इंधनात पाणी उतरतं. डोंगरात सकाळी सात वाजता गाडी का सुरू होत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी सापडतं.

यापलीकडची दुरुस्ती पायरीपायरीनं वर जाते. आधी युनिट, मग वर्कशॉप, मग बेस वर्कशॉप. खडकीत एक बेस वर्कशॉप आहे, बंगळुरूत हलसूरला एक आहे. पूर्ण ओव्हरहॉलला गाडी गेली की तिचं इंजिन एका लाइनवर जातं, गिअरबॉक्स दुसरीकडे, चासी तिसरीकडे. सगळं तयार झाल्यावर जे इंजिन हाताशी असेल ते बसवलं जातं. फौजेला गाडी चालायला हवी असते, नंबर जुळायला नको असतात. म्हणून चासी आणि इंजिन यांचे नंबर मूळ जोडीचे नाहीत, एवढ्यावरून जुन्या फौजी गाडीला 'खोटी' म्हणू नका. ती बेस वर्कशॉपमधून नीट होऊन आल्याचीच ती खूण असू शकते.

लिलावानंतर

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला परवडेनासा झाला की बोर्ड बसतो आणि गाडी मोडीत निघते. हल्ली हे लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. गाडी विकत घेतल्यावर मालकाला पहिला बदल करावा लागतो तो कायद्यानं. मोटार वाहन नियमांनुसार फौजेचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला लावता येत नाही. म्हणजे रस्त्यावर यायचं तर रंग पुसायचा. नंबरही जातो. फौजेच्या नंबरात आधी वर जाणारा बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे गाडी कोणत्या वर्षी फौजेत आली ते सांगतात. जुन्या गाडीचा रंग खरवडताना तो बाण दिसला, तर आधी फोटो काढा आणि मग पुढे खरवडा. तिच्या जन्माचा दाखला तिथेच असतो.

मग येते इंजिनाची गोष्ट. जोंगाचं मूळ इंजिन सुमारे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं, पेट्रोलवरचं. फौजेत पेट्रोल सरकारचं असतं. शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराला ते परवडत नाही. म्हणून डिझेल इंजिन बसतं. ही रीत जुनी आहे. पन्नासच्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवायला घेतली, आणि पेट्रोलवरच्या कितीतरी जुन्या लॉऱ्यांना ती बसली. पुढे टाटा, लेलँड, मॅटाडोर, ज्याला जे मिळालं ते.

ऐकायला सोपं वाटतं, पण एक इंजिन काढून दुसरं बसवणं म्हणजे नुसते चार बोल्ट नव्हेत. नव्या इंजिनाची पाठ जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाला बसत नाही, म्हणून मध्ये जाड प्लेट बनवावी लागते. तिचं मध्यछिद्र केसभर सरकलं तरी काही महिन्यांत क्लच आणि बेअरिंग जातात. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एखादा पाटा वाढवायचा. ते कमी फेऱ्यांवर जोर देतं, पण जास्त फेरे घेत नाही, म्हणून गाडी चढ झकास चढते आणि सपाटीवर मागे पडते. थंड ठेवायला रेडिएटर मोठा, सुरू करायला बॅटरी मोठी, आणि इंजिन पुढेमागे झालं तर शाफ्ट कापून नव्या मापानं जोडायचा. जोडलेला शाफ्ट तोलून घेतला नाही, तर ठरावीक वेगाला सारी गाडी थरथरते. हे सगळं ज्यानं पुस्तक न बघता, लेथवर, नमुन्यावरून केलं, त्याला आपण 'गॅरेजवाला' म्हणून मोकळे होतो.

बंगळुरूत हे भाग मिळण्याच्या दोन जागा सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक आहेत. नव्या मालासाठी जे. सी. रोड, आणि जुन्यासाठी शिवाजीनगरची गुजरी. कोल्हापूरकरांनी गोंधळू नये. तुमची गुजरी सोन्याची, इथली लोखंडाची. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल. आणि बाजारात भाग मिळालाच नाही, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत मोडका तुकडा नमुना म्हणून द्यायचा आणि नवा करून घ्यायचा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. महायुद्धकाळातल्या पुष्कळ फौजी गाड्यांची चाकं दोन तबकड्या बोल्टनी जोडून केलेली असतात. चाक गाडीला धरणारे नट वेगळे आणि दोन तबकड्या एकमेकींना धरणारे नट वेगळे. ब्रिटिश गाड्यांत हे दुसरे नट लाल रंगवत. टायरमध्ये हवा असताना ते सैल केले तर तबकडी तोफगोळ्यासारखी उडते. तेव्हा आधी हवा पूर्ण काढायची, वॉल्व्हची पिन बाहेर घ्यायची, मगच पान्याला हात लावायचा. जुन्या गाडीवर नव्यानं रंग मारताना असे लाल नट काळे करू नका. तो रंग सजावट नाही, इशारा आहे.

कायदा आणि इतिहास

आता घाई का, ते सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नियम चांगला आहे. पण त्यात फौजेचा माल वाहणारा ट्रक मुळातच बसत नाही, आणि डिझेल इंजिन बसवलेली जोंगा फेरफाराच्या अटीवर बाहेर पडते. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला आडकाठी करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. तिसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. फौजेच्या युद्धकामाच्या खास गाड्यांना सूट आहे, पण जुनी गाडी मोडून टाकण्याकडेच एकंदर वारा आहे.

यातलं बरंच योग्य आहे, हे मी आधीच मान्य करतो. ब्रेक न वाढवता जोरदार इंजिन बसवलेली गाडी माणूस मारते. काळा धूर सोडणारा ट्रक शहरात नको. रस्त्यावर कोण चालेल हे कायद्यानंच ठरवावं. माझं म्हणणं रस्त्याबद्दल नाही, जतन करण्याबद्दल आहे. संग्रहालयात, खासगी संग्रहात, प्रदर्शनात आपण फक्त 'मूळ रूपातली' गाडी ठेवायची ठरवली, तर इतिहासाचं एकच पान उरेल.

आणि ते पानही नेहमी खरं असेल असं नाही. हल्ली काही हौशी मंडळी जुनी फौजी गाडी घेतात आणि चाळीस वर्षांपूर्वी बसवलेलं डिझेल इंजिन काढून टाकतात. लाकडी बॉडी जाळणात जाते. बाहेरून भाग मागवून गाडी कॅटलॉगमधल्या चित्रासारखी करतात. हौसेबद्दल मला आदर आहे, खर्चही त्यांचा आहे. पण फौजेनं ती गाडी काही वर्षं वापरली, आणि एखाद्या घरानं त्यानंतर तीस वर्षं तिच्यावर पोट भरलं. ती तीस वर्षं एका महिन्यात पुसली जातात. ते डिझेल इंजिन, तो वाढवलेला पाटा, हातानं कापलेली प्लेट, हे परकीय चलन नसलेल्या देशानं काम कसं चालवलं याचे पुरावे आहेत. कानपूरच्या भंगारातून उभ्या राहिलेल्या लिबरेटरचा आपल्याला अभिमान आहे ना? मग त्याच रीतीनं उभ्या राहिलेल्या ट्रकला कमी का लेखायचं?

आपण काय करू शकतो

तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही साध्या आहेत.

पहिली. तुमच्या ओळखीत फौजेची जुनी गाडी असेल, तर तिला हात लावण्याआधी तिची नोंद करा. चासी नंबर, इंजिन नंबर, डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या, रंगाचे थर, जुना बाण दिसला तर तो. प्रत्येक बदलाचा फोटो, आणि तो कोणी, केव्हा, कशासाठी केला हे मालकाकडून ऐकून एका वहीत. फौजेत प्रत्येक गाडीची लॉग बुक असते. विकल्यावर ती थांबते, ती पुढे चालवा.

दुसरी. मिस्त्रींना बोलतं करा. महायुद्धातल्या गाड्यांवर हात चालवलेली पिढी गेली. शक्तिमान आणि जोंगावर काम केलेले, फौजेतले आणि बाहेरचे, आज साठ ते ऐंशीच्या दरम्यान आहेत. हबला हात लावून बेअरिंग ओळखणारा माणूस ते कसं ओळखतो, हे कोणत्याही पुस्तकात नाही. त्याच्या हातांचं चित्रण करा. मोबाइल सगळ्यांकडे आहे.

तिसरी. व्हिंटेजच्या नियमांत फौजेच्या माल वाहणाऱ्या गाड्यांना आणि जुन्या, नोंद असलेल्या बदलांना वेगळा वर्ग असावा, अशी मागणी संग्राहकांच्या संघटनांनी एकत्र येऊन करावी. रस्त्यावर रोज चालवायची परवानगी नको. एवढंच मान्य व्हावं की ही गाडी बदललेली आहे आणि म्हणूनच जपण्यासारखी आहे. बंगळुरूसारख्या शहरात, जिथे फौजेच्या रसद दलाचं केंद्रही आहे, गाड्या जोडणारा कारखानाही आहे आणि लोखंडाची गुजरीही आहे, या तिन्हींची गोष्ट एका छपराखाली सांगता येईल.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारताना, "सर, ओरिजिनल आहे का?" याच्या जोडीला गाडीची वहीही दाखवा. ज्यांच्याकडे अशा नोंदी किंवा फोटो आहेत त्यांनी जरूर कळवा, आपण त्यावर स्वतंत्र भाग करू. तोवर गाडी सुरू करण्याआधी एकदा खाली वाकून जमिनीकडे बघत जा.

जय हिंद.